बारावीनंतर जिऑलॉजी: मुलीला घेऊ द्यावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही कराडचे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही होतं. सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडले. म्हणजे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल, पण पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं अवघड. घरातल्यांचं म्हणणं, जवळपास जिथे मिळेल तिथे कॉम्प्युटर घ्या आणि मोकळे व्हा. ती म्हणते, मला पुण्याला जाऊन जिऑलॉजीत, म्हणजे भूगर्भशास्त्रात, बीएस्सी करायचंय.

हे तिचं आजचं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी तिने आजीकडून ऐकल्यात. कोयनेचे लहानसहान धक्के आमच्याकडे अजूनही बसतात. त्यांचा अभ्यास करायला कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय, त्याची प्रयोगशाळा कराडजवळच आहे. वरचा काळा दगड साधारण एक किलोमीटर जाडीचा आणि त्याखाली ग्रॅनाइट, हे समजल्यापासून घाटातून जाताना तिचं डोकं कायम गाडीच्या खिडकीबाहेर असतं.

मला तिच्या आवडीबद्दल शंका नाही. शंका पुढची आहे. नोकरी कुठे मिळते? नुसत्या बीएस्सीवर काही होतं का? मुलींना हे क्षेत्र कसं? इंजिनिअरिंगच्या कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ जवळ आली आहे. अनुभवी लोकांनी कृपया मोकळेपणाने लिहावं.

कोथरूडकर
कॉम्प्युटर घ्या. आवड नोकरी लागल्यावर जोपासता येते. आमच्या कंपनीत फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले सगळे शेवटी कोडिंगच करतात, मग आधीच का नको?

सह्यकडा
कोथरूडकर, जे शेवटी कोडिंगला येतात ते तुम्हाला दिसतात. जे येत नाहीत ते तुमच्या कंपनीत कसे दिसणार?

हातोडीवाले काका
ताई, मी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून, म्हणजे जीएसआयमधून निवृत्त झालो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हा शिक्षणाचा पाच वर्षांचा रस्ता आहे हे घरात सगळ्यांनी आधीच मान्य करा. नुसत्या बीएस्सी जिऑलॉजीवर जिऑलॉजिस्ट म्हणून धड नोकरी मिळत नाही. एमएस्सी लागतेच. तीन वर्षांनंतर घरातून ‘आता कमवायला लाग’ असा लकडा सुरू होणार असेल, तर या वाटेला जाऊच नये.

एमएस्सीनंतर सगळ्यात मोठं दार यूपीएससीच्या कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेचं. त्यातून जीएसआयमध्ये जिऑलॉजिस्ट, जिओफिजिसिस्ट, केमिस्ट आणि केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजीचे शास्त्रज्ञ घेतात. पूर्वपरीक्षा, मुख्य आणि मुलाखत. वय २१ ते ३२, राखीव वर्गांना सवलत आहे. सिव्हिल सर्व्हिसेसच्या तुलनेत बसणारी मुलं फार कमी असतात, पण जागाही मोजक्याच. मुख्य परीक्षेत वरवरचा अभ्यास लगेच उघडा पडतो. जीएसआय १८५१ सालचं खातं, सुरुवात कोळसा शोधण्यासाठी झाली. आज भूस्खलनाच्या नकाशांपासून समुद्रतळाच्या सर्वेक्षणापर्यंत सगळं तिथे चालतं.

त्याशिवाय गेट ही परीक्षा देऊन ओएनजीसी, कोल इंडिया. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरला भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. राज्याच्या भरत्या दरवर्षी निघत नाहीत, त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबू नये.

कामाचं म्हणाल तर पावसाळा सरला की फील्ड सीझन. टोपोशीट (त्या भागाचा नकाशा), हातोडी, भिंग आणि ब्रंटन कंपास घेऊन नाले पालथे घालायचे, कारण उघडा खडक नाल्यात सापडतो. संध्याकाळी कॅम्पवर नमुन्यांवर नंबर टाकायचे आणि वहीतली नोंद त्याच दिवशी पुरी करायची. वीज, नेटवर्क नसलेल्या गावात राहायची मानसिक तयारी हवी. ती असेल तर या नोकरीइतका देश दुसरी कुठली नोकरी दाखवत नाही, असं मी मनापासून सांगतो.

विदर्भकन्या
काकांना अनुमोदन. मी नागपूरची, खाण क्षेत्रातच आहे. आमच्याकडे या विषयाला कुणी नाक मुरडत नाही, कारण जीएसआयचं मध्य क्षेत्राचं कार्यालय, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मँगनीजच्या खाणींची मॉइल, वेस्टर्न कोलफिल्ड्स सगळं नागपुरातच आहे. कोणाचा ना कोणाचा काका तिथे असतोच.

मुलींच्या प्रश्नावर. १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ मुळे बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी होती. आमच्या आधीच्या बॅचच्या मुलींना मुलाखतीत ‘तुम्ही खाली उतरू शकत नाही, मग घेऊन काय करू’ असं सरळ तोंडावर सांगायचे. २०१९ मध्ये केंद्राने नियम सैल केले. त्या नियमांनी तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर बायकांना खाली दिवसपाळीत काम करायला, आणि उघड्या खाणीत रात्रपाळीही करायला मुभा मिळाली. त्यासाठी त्यांची लेखी संमती घ्यायची अट होती. एकटीदुकटीला खाली पाठवायचं नाही, किमान तिघी हव्यात, असंही त्यात होतं.

कागदावर दार उघडलंय हे खरं. साइटवर स्वच्छ बाथरूम, कपडे बदलायला खोली, हे अजून भांडून मिळवावं लागतं. लेकीला हे आधीच सांगा. तिथे गेल्यावर कळलं की जड जातं.

हिशेबी_माणूस
सगळे सरकारी नोकरीचं सांगताहेत, म्हणून खासगीचं मी सांगतो. माझ्या भाच्याने हेच केलं. एमएस्सी फर्स्ट क्लास. पहिली नोकरी एका सर्वेक्षण कंपनीत, कंत्राटी. प्रोजेक्ट संपला की घरी. पगार त्याच्याच वर्गातल्या आयटीवाल्या मित्राच्या निम्म्याहून कमी. तीन महिन्यांचा पगार थकला तेव्हा माझ्याकडून उसने नेले. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, त्याचा काही दोष नाही. क्षेत्रच असं आहे. ताई, आवड बघा, पण घरचं कर्ज, धाकटं भावंड हेही बघा.

मांडवीकाठ
हिशेबी_माणूस यांच्याशी सहमत, आणि त्यात भर घालतो. मी गोव्याचा. आमच्याकडे एके काळी जिऑलॉजी म्हणजे हमखास खाणीत नोकरी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि परत ठप्प. खाणींच्या पट्ट्यात ट्रक दारात उभे राहून गंजले. माझ्या बरोबरीचे जिऑलॉजिस्ट कोण ओडिशाला गेले, कोण आफ्रिकेत, एकाने साखळी गावात हार्डवेअरचं दुकान टाकलं.

पण त्याच गोव्यात वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालतात. दोनापावलाला एनआयओ ही समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या लोकांना खाणबंदीची झळ लागली नाही. म्हणून विषय निवडताना फक्त एका खनिजावर, एका मालकावर आयुष्य टांगू नये. एमएस्सीला स्पेशलायझेशन घेताना हे डोक्यात ठेवा.

बोगदा_नं_२
मी इंजिनिअरिंग जिऑलॉजिस्ट आहे, बोगद्यांवर काम करतो. या बाजूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना खासगीत सगळ्यात जास्त काम इथेच मिळालंय. मुंबईची भुयारी मेट्रो, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-कसाऱ्याचा बोगदा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मिसिंग लिंक, सगळीकडे जिऑलॉजिस्ट लागले.

काम काय असतं ते सांगतो. ब्लास्ट झाला, धूर गेला, मक, म्हणजे फुटलेला दगड, उपसला, सुटे दगड पाडून झाले की समोरचा फेस, म्हणजे बोगद्याच्या टोकाची खडकाची भिंत, आमच्या ताब्यात येतो. फार वेळ नसतो. मागे शॉटक्रीटचं, म्हणजे खडकावर काँक्रीट फवारायचं, मशीन घरघरत असतं आणि फोरमन घड्याळ बघत असतो. तेवढ्यात खडकात सांध्यांचे, म्हणजे भेगांचे, किती संच आहेत, कुठल्या दिशेला झुकलेत, सांध्यांत माती भरलीय का, पाणी ठिबकतंय की धार लागलीय, हे शीटवर उतरवायचं आणि आरएमआर किंवा क्यूची, म्हणजे खडकाच्या दर्जाच्या आकड्याची, किंमत काढायची. त्या आकड्यावरून रॉक बोल्ट किती लांब, किती अंतरावर, स्टील रिब लागणार की नाही, ते ठरतं. एकदा शॉटक्रीट मारलं की तो खडक पुन्हा कोणालाच दिसत नाही. तुमची शीट एवढाच त्याचा पुरावा.

आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, एक खास गोष्ट असते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा येतो, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. कोरडा असताना हातोडीला बऱ्यापैकी दाद देत नाही, ओला झाला की बोटाने उकरता येतो. हा पट्टा बोगद्याच्या छतात आला आणि कोणी तो ओळखला नाही, तर खाली माणसं असतात. म्हणून ‘दगडांचा अभ्यास करून काय मिळणार’ असं कोणी म्हटलं की मला फार लागतं.

पगार? सुरुवातीला कमी. भाच्याचा अनुभव खोटा नाही. पाच-सात वर्षांनी चांगला होतो, पण बिऱ्हाड पाठीवर.

कोथरूडकर
बोगदा, हे माहीत नव्हतं. मिसिंग लिंकचं काम जाता-येता बघतो, पण आत असा माणूस उभा असतो हे डोक्यात नव्हतं. तरी माझा प्रश्न राहतोच: हेच काम सिव्हिल इंजिनिअर करू शकत नाही का? मग सिव्हिल करून जिओटेक्निकलमध्ये एमटेक केलं तर डिग्रीही भक्कम आणि आवडही जपली.

बोगदा_नं_२
चांगला प्रश्न. सिव्हिल + जिओटेक हा खरोखर चांगला पर्याय आहे, सपोर्टचं डिझाइन तेच करतात. पण खडक वाचणं ही वेगळी विद्या आहे, ती सिव्हिलच्या एका पेपरात येत नाही. मुलीला बांधायचंय की समजून घ्यायचंय, हे तिलाच विचारा.

थिन_सेक्शन
मी सध्या एमएस्सीला आहे. मुलीच्या वयाला सगळ्यात जवळची मीच असेन बहुतेक. :)

बीएस्सीच्या पहिल्या वर्षात आमच्या वर्गातली बरीच मुलं ‘काहीच मिळालं नाही म्हणून’ आलेली होती. त्यातली अर्धी दुसऱ्या वर्षी कंटाळली. जी आवडीने आली होती ती आज चांगल्या ठिकाणी आहेत. माझ्या दोन मैत्रिणी एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, आयआयटी जॅम, देऊन आयआयटी मुंबईला अप्लाइड जिऑलॉजीला गेल्या. जॅमचा जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो, त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून करावी.

विषय कधी आवडला ते सांगते. खडकाचा काप काचेवर चिकटवायचा, घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. साध्या प्रकाशात फिकट, राखाडी. मग वरचा पोलरायझर आत सरकवला की प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे आणि पायरॉक्सीनचे निळे-नारिंगी रंग एकदम उजळतात. स्टेज फिरवली की रंग बदलतात. पुण्याच्या कुठल्याही रस्त्यावरच्या खडीत हे आहे!

आता व्यवहाराचं. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय. मेजर जिऑलॉजी घेतलं तर मायनरला गणित, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर यातलं जे कॉलेज देत असेल ते घ्यायला सांगा. सोपं म्हणून भलताच मायनर घेणारे नंतर हळहळतात. जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करणं) आणि थोडं पायथनमधलं कोडिंग येत असेल तर इंटर्नशिप मिळायला खूप सोपं जातं. चौथं वर्ष ऑनर्स केलं तर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते, पण ज्या विद्यापीठात जायचंय त्याचे नियम आधी विचारून घ्या.

सह्यकडा
थोडं अवांतर. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं, त्यासाठी जगभरचे संग्राहक वेडे असतात. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, सुट्टीत मुलीला जरूर घेऊन जा. झिओलाइट्सचे, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांतल्या स्फटिकांचे, असे नमुने बघायला मिळतात की दोन तास कसे गेले कळत नाही. लोणार तर आहेच.

नाशिकचा_नाना
गारगोटीला आमची आई आली होती. सगळं संग्रहालय बघून झाल्यावर म्हणाली, ‘एवढे चांगले दगड, आणि आपण आयुष्यभर पाट्यावर चटणी वाटली!’

भूजल_लातूर
हसलो नाना. आता परत मुद्द्यावर येतो, कारण महाराष्ट्राला या विषयाची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे ती जागा अजून धाग्यावर आलीच नाही. पाणी.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आमच्या भागात आजही बोअर घ्यायचं म्हटलं की पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण. मी पाणाड्याची टिंगल करत नाही. शेतकऱ्याला त्या दिवशी कोणाचा तरी आधार हवा असतो, आणि जिऑलॉजिस्ट त्याच्या बांधावर पोचतच नाही. मग आठशे फूट खाली जातात, फुफाटा निघतो, आणि बोअरवाल्याचं बिल सावकाराच्या वहीत चढतं.

बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात आणि दोन थरांमधल्या जागी असतं. अखंड काळ्या पाषाणात कितीही खोल गेलात तरी साठा नसतो, नशिबाने एखादी भेग लागली तरच. विहिरींच्या कडा बघून, गावातल्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून, जमिनीत वीज सोडून रेझिस्टिव्हिटीची चाचणी घेऊन बरंच सांगता येतं. खात्री शंभर टक्के नसते, पण ‘इथे घेऊ नका’ हे तरी छातीठोक सांगता येतं. त्या एका वाक्याने लाखभर रुपये वाचतात.

यात पैसा मोठा नाही. भूजल यंत्रणा, भूजलावर काम करणाऱ्या अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्था, पाणलोटाची कामं आणि स्वतःची सल्लागारी, असं मिळून पोट भरतं. मी त्यावर घर चालवतो. गावात गेलो की लोक चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, हेही खरं.

हिशेबी_माणूस
भूजल_लातूर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ताईंनी नोकरीचं विचारलंय, सेवेचं नाही.

भूजल_लातूर
दादा, माझं घर यावरच चालतं असं लिहिलंय ना वर. सेवा म्हणून करत नाही, व्यवसाय म्हणून करतो. पैसे घेतो आणि पावती देतो.

पर्थवासी
ऑस्ट्रेलियातून लिहितेय. इथे पश्चिमेला लोखंड, सोनं, लिथियम यांच्या खाणींवर जिऑलॉजिस्ट लागतात. विमानाने साइटवर जायचं, दोन आठवडे काम आणि एक आठवडा घरी, असं रोस्टर असतं. पगार उत्तम. पण धातूंचे भाव पडले की एक्सप्लोरेशनचं, म्हणजे नवे साठे शोधायचं, बजेट सगळ्यात आधी कापतात आणि नवे जिऑलॉजिस्ट सगळ्यात आधी घरी. मी दोन मंद्या बघितल्यात. मांडवीकाठ म्हणताहेत ते फक्त गोव्यापुरतं नाही. ज्यांना डेटा हाताळता येत होता, त्रिमितीय मॉडेल करता येत होतं, ते टिकले.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री लेकीला पूर्ण धागा वाचायला दिला. बोगद्याचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. विदर्भकन्या, बाथरूमचं वाचून म्हणाली, ‘हे कोणी आधी सांगत नाही.’ तिच्या बाबांना हिशेबी_माणूस पटले, हेही सांगते. पण काकांच्या पाच वर्षांच्या हिशेबाला ते तयार झालेत. शेती आहे, कर्ज नाही, धाकटा अजून आठवीत आहे.

आता नेमके दोन प्रश्न. एक, पुण्यात कुठे? दोन, इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरून ठेवावा का?

थिन_सेक्शन
पुण्यात फर्ग्युसन आणि नौरोसजी वाडिया, दोन्हीकडे जिऑलॉजी विभाग जुने आहेत. मुंबईत झेवियर्स. नाव बघण्याआधी स्वतः विभागात जाऊन या. पोलरायझिंग मायक्रोस्कोप किती चालू आहेत, पूर्णवेळ शिक्षक किती, वर्षात फील्डला किती दिवस नेतात, हे विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी पाच मिनिटं बोला. फील्डच्या नावाखाली लोणावळ्याची सहल करून आणणारे विभागही असतात.

हातोडीवाले काका
आणखी एक. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दिली असेल तर आयआयटी धनबाद, खरगपूरला या विषयाचे बारावीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. आयसर पुण्यातही पृथ्वी आणि हवामानशास्त्राचा विभाग आहे, पण त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी, यंदा दिली नसेल तर गेली. बीएस्सी चांगली झाली तर जॅममधून पुढे आयआयटीचं दार उघडंच आहे, काळजी नको.

कोथरूडकर
ऑप्शन फॉर्मबद्दल मी सांगतो, मुलाच्या वेळी हे सगळं केलंय. भरून ठेवायला हरकत नाही, पण ज्या जागेवर मुलीला खरंच जायचं नाही ती यादीत टाकूच नका. विशेषतः पहिल्या क्रमांकावर. पहिली पसंती लागली की तीच घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्या बंद. फक्त मनापासूनचे पर्याय टाका, दोन असले तरी चालतील. आणि बीएस्सीची कॉलेजं स्वतःच्या याद्या स्वतंत्र लावतात, त्यांच्या तारखा चुकवू नका. सीईटीच्या धावपळीत नेमकं तेच राहतं.

कॉम्प्युटर घ्या हे माझं मत मागे घेत नाही, ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याच्यासाठी ते आजही खरं आहे. तुमच्या मुलीचं ठरलेलं दिसतंय.

विदर्भकन्या
आणि आत्या-मावश्या ‘लग्नाचं कसं होणार, पोरगी रानोमाळ हिंडणार’ म्हणाल्या तर माझा नंबर द्या. मी बोलते त्यांच्याशी!

परभणीचा_पोऱ्या
धागा छान आहे, पण माझा प्रश्न जरा वेगळा. मी आर्ट्सचा, बीए भूगोल शेवटचं वर्ष. मला या क्षेत्रात येता येईल का? एमएस्सी जिऑलॉजीला घेतील का?

थिन_सेक्शन
एमएस्सी जिऑलॉजीला अवघड, बहुतेक ठिकाणी बीएस्सीला जिऑलॉजी हा विषय लागतोच. पण जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीआयएस आणि रिमोट सेन्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना भूगोलवाल्यांना बऱ्याच ठिकाणी घेतात. क्यूजीआयएस फुकट आहे, आजपासून सुरू कर. आपल्याच तालुक्याचा विहिरींचा नकाशा करून बघ.

भूजल_लातूर
परभणी म्हणजे आमच्या शेजारीच की. नकाशा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आमच्याकडे विहिरींच्या पातळीच्या नोंदी वह्यांमध्ये पडून आहेत, त्या नकाशावर चढवायला माणूस हवाच आहे. पहिल्या महिन्यापासून मानधन देऊ.

परभणीचा_पोऱ्या
दादा, व्यनि केलाय. मे महिन्याच्या नोंदी आधी पाठवा, जिंतूर तालुक्यापासून सुरू करतो.